जाळीवरची झोळी

नीलांबिका आपल्या तान्ह्या गौरव्वाला न्हाऊ घालायची तेव्हा पाणी आधी कोपराने बघायची, मग मनगटाने, मग पुन्हा कोपराने. सासूबाई म्हणत, "बघ बघ यव्वा, तोवर लेकरू लग्नाचं होईल." पुण्याच्या कॉलेजात शिकून आलेल्या या सुनेचा स्वभावच तसा. धोका नसेल तिथेही तिला तो दिसायचा, आणि असेल तिथे तर ती नवऱ्याची पाठ सोडायची नाही. नवरा विरुपाक्ष गिरणीच्या दवाखान्यात डॉक्टर होता.

गौरव्वा पोटात असताना सुताच्या लडी गुंडाळणाऱ्या रिळिंग खात्यातल्या दगडाबाईची बोटं दातेरी चाकात गेली. सगळे हळहळले आणि गप्प बसले. नीलांबिका गप्प बसली नाही. चालती चाकं उघडी ठेवायची नाहीत असा कायदाच आहे, हे तिने मॅनेजरला जाऊन सांगितलं. तो हसला. मग तिने थेट फॅक्टरी इन्स्पेक्टरला लिहिलं, एकदा नव्हे, उत्तर येईपर्यंत. शेवटी हुकूम आला आणि रिळिंगच्या प्रत्येक यंत्राच्या चाकांपुढे लोखंडी गजांची जाळी बसली.

बाळंतपणातून उठल्यावर ती जाळी बघायला ती हौसेने गेली. खात्यात पाऊल टाकताच कापसाचे तंतू नाकात गेले, खडखडाटाने कान बधिर झाले. मग जाळीवर नजर गेली.

जाळीच्या वरच्या गजाला लुगड्याच्या धडप्याचं एक टोक बांधलेलं, दुसरं खिडकीच्या गजाला. मधल्या झोळीत एक पोर तोंड उघडं टाकून झोपलेलं. पलीकडच्या यंत्राला तसंच. त्याच्या पलीकडेही.

"बाईसाब!" सूत गुंडाळणारी मायाक्का आवाजाच्या वर ओरडली. "लई झ्याक काम केलंत बगा! आदी पोरगं भुईवर टाकायचं, कोन तुडवंल ह्येची धास्ती. आता मशीनच झोका देतंय. माजा बिरदेव कसा गुमान निजलाय! अफूची गोळीबी लागंना."

"अगं, गाठ सुटली तर? धडपं चाकात गेलं तर?"

"चाक तर तुमीच झाकलंय की!" मायाक्का म्हणाली, आणि आजूबाजूच्या बाया खुदखुदल्या.

गजांमधून पोराचा हात सहज आत गेला असता. धडप्याचं सुटं टोक यंत्राच्या पट्ट्याच्या वाऱ्याने फडफडत होतं. नीलांबिका तडक मॅनेजरकडे गेली.

"बाई, कायदा म्हणतो चाक झाका. झाकलं," तो म्हणाला. "जाळीला काही टांगू नये, असं लिहिलंय का?"

"मग लेकरांना एक खोली द्या. एक बाई ठेवा."

"खोली द्या म्हणणारं कलम दाखवा, उद्या देतो. धोका वाटला तर इन्स्पेक्टर साहेब पोरांना आत यायला बंदी करू शकतो, एवढं मात्र आहे. करा तक्रार. बाया तुम्हाला ओवाळतील."

कलम नव्हतंच. तिने पुन्हा पुन्हा शोधलं. घरी गौरव्वाचा पाळणा हलवताना तिचा हात मध्येच थांबायचा. विरुपाक्ष म्हणायचा, "सगळ्या गावाची आई झालीस काय?" तिला त्याचा राग यायचा, मॅनेजरचा यायचा, आणि हसणाऱ्या मायाक्काचा तर सगळ्यांत जास्त.

इन्स्पेक्टर साहेब जाळ्या तपासायला यायचे होते, ती बातमी त्यांच्या आधी खात्यात पोचली. बायांवर देखरेख करणाऱ्या सोजरबाई नायकिणीने झोळ्या सोडवल्या, पोरं रिकाम्या पेट्यांत निजवली आणि वर सुती पोती टाकली. साहेबांनी काठीने गज वाजवून बघितले. "मजबूत आहेत," ते तिथे आलेल्या नीलांबिकेला म्हणाले. "आपणच लिहिलं होतं ना? झालं समाधान?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. मायाक्का हातातलं सूत तसंच धरून तिच्याकडे बघत होती. तेवढ्यात नीलांबिकेला मायाक्काच्या यंत्राच्या गजाला राहिलेली झोळीची गाठ दिसली. खाली लोंबणारं टोक दातांनी कुरतडल्यासारखं फाटलेलं होतं, तेलाने काळंकुट्ट झालेलं. चाकाने ते एकदा धरून सोडलं होतं.

"साहेब, इथे रोज लेकरं टांगतात," ती म्हणाली. "त्यांना एक खोली द्यायला सांगा."

"खोलीचा हुकूम माझ्या हातात नाही," साहेब म्हणाले. "बंदीचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर कुंडलिक पहारेकरी आडवी काठी धरून उभा होता. पोर घेऊन आलेल्या कुणालाच आत सोडत नव्हता. धावत आलेल्या नीलांबिकेपुढे मायाक्का उभी राहिली. ती ओरडली नाही. कडेवरचा बिरदेव काढला आणि सरळ तिच्या हातात दिला.

"धरा."

"अगं मायाक्का, ऐक तरी..."

"काय ऐकू? सासू करमाळ्याला, तीबी आंदळी. अफूची गोळी घालून खोलीत कोंडू व्हय ह्याला? तुमाला काळजी हाय न्हवं? मग करा की! भोंगा झाला, माजा खाडा पडंल."

आणि गेली. मागून खात्यातली तानाबाई आली, तिने आपली पोर नीलांबिकेच्या दुसऱ्या कडेवर ठेवली. आणखी एकीने आपला रांगता मुलगा तिच्या पायाशी बसवला, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि धावतच आत शिरली.

"बाई, फाटकात थांबू नका, मॅनेजरसाहेबांची मोटार येईल," कुंडलिक म्हणाला. रांगत्याला मात्र त्यानेच उचलून दवाखान्याच्या ओसरीपर्यंत आणून दिलं.

विरुपाक्षाच्या हातातली बाटली हातातच राहिली. "हे काय आणलंस?"

"तुमची औषधाची खोली रिकामी करा."

"मॅनेजर काय म्हणेल?"

"दवाखान्यात लेकरू ठेवू नये, हे कुठल्या कलमात आहे ते त्याला दाखवू दे."

"आज तिघं आहेत. उद्या फाटकावर सगळ्याच उभ्या राहतील. तेव्हा काय करशील?"

बिरदेव जागा झाला, अनोळखी तोंड बघून त्याने टाहो फोडला, त्याचं ऐकून तानाबाईच्या पोरीनेही. घरी गौरव्वाचीही प्यायची वेळ झाली होती. पान्ह्याने नीलांबिकेची चोळी भिजली, डोळे भरून आले, आणि तिला स्वतःचाच संताप आला.

"उद्याचं उद्या!" ती नवऱ्यावर खेकसली. "आधी दूध आणा कुठून तरी!"