बारा चुळा

प्रेमलाबाईंना नवऱ्याचा संशय होता, आणि तो संशय रोज सकाळी उकळून बघायची सोय दवाखान्याने करून दिली होती. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात वेणीमाधवशास्त्र्यांच्या लघवीचे आठ थेंब, आणि स्टोव्हवर एक उकळी. निळंच राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. बासष्ट सालचे पहिले सहा महिने ती नळी रोज विटकरीच होत होती.

"अगं, गोडाला शिवलेलो नाही," शास्त्रीबुवा जानव्याला हात लावून सांगत. पण ब्रह्मा घाटावरचा श्राद्धाचा ब्राह्मण! महिन्यातले वीस दिवस लोकांच्या पितरांच्या नावाने पानावर बसणारा, आणि पानावर खिरीची वाटी ठेवलेली. तो गोडाला शिवत नाही, यावर काशीत कोण विश्वास ठेवील?

त्यातच खडावेने डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. पंधरा दिवसांत साखर उतरली नाही तर अंगठा कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. अंगठा गेला की आमंत्रणंही गेली. अंग कापलेल्या माणसाला श्राद्धाच्या पानावर कुणी बसवत नसे. घरची चूल तर त्या आमंत्रणांवरच पेटत होती.

बाईंनी पदर खोचला. चोर रंगेहाथ पकडायचा. शिंदे घाटाजवळ एका ग्वाल्हेरकरांकडे श्राद्ध होतं, तिथे त्या स्वयंपाकाला हात लावायच्या निमित्ताने गेल्या आणि दाराआडून पाहत राहिल्या. शास्त्रीबुवांनी वडे खाल्ले, वरणभात खाल्ला. खिरीला बोट लावलं, ते पानाच्या कडेला पुसलं आणि यजमानाने आग्रह केला तेव्हा हात जोडले. तीन दिवस, तीन घरं, तीन भरलेल्या वाट्या. आणि सकाळी नळी विटकरी!

आता मात्र बाई चक्रावल्या. चोरी होत नाही, आणि मुद्देमाल रोज सापडतोय, हा काय प्रकार? मग त्यांनी नवऱ्यावर पहाटेपासून नजर ठेवली. एखादीला रागच आला असता, पण बाईंना कोडं सुटेपर्यंत घास गोड लागत नसे.

घाटाच्या पायरीवर शास्त्रीबुवा चुळा भरत होते. त्यांच्या घराण्यात श्राद्धाच्या दिवशी दाताला दातवणाची काडी लावत नसत. एकादशीला नाही, प्रतिपदेला नाही, अमावास्येला नाही. बारा चुळा भरल्या की तोंड शुद्ध. आठवी चूळ दगडावर पडली ती गुलाबी होती. बारावीसुद्धा.

"अहो, तोंडातून रक्त येतंय!"

"येतंच. वर्ष झालं. वय झालं की येतं."

"आणि दात?"

"हलतात चार-सहा," असं ते म्हणाले, जणू शेजाऱ्याचे दात हलत होते.

बाईंनी श्राद्धाचे वीस दिवस आणि वर या तिथी धरून बोटांवर हिशेब केला. महिन्यातले जेमतेम सात-आठ दिवस या तोंडात दातवण जात होतं. दवाखान्यात त्यांनी सरळ विचारलं, "डॉक्टरसाब, दाँत से शक्कर बढ़ती है क्या?"

हाताखालचा डॉक्टर खुदकन हसला. म्हातारे बंगाली डॉक्टर हसले नाहीत. "मुँह खोलिए, पंडितजी." बॅटरी आत गेली आणि त्यांनी क्षणभर तोंड फिरवलं. हिरडी दाबली तर पू आला. "हम लोग अंगूठा देखते रहे, असली घाव तो यहाँ पक रहा था," ते म्हणाले. तोंडात पू साठला की शरीर औषधाला दाद देत नाही, साखर चढते. आणि साखर चढली की हिरड्या आणखी सडतात. "दोनों एक-दूसरे को पाल रहे हैं."

सहा दात उपटले, इंजेक्शनं झाली. रोज दात घासायचे, हे ऐकून मात्र शास्त्रीबुवा अडून बसले. "श्राद्धाच्या दिवशी काडी लावत नाहीत."

"मग काडी लावू नका, बोट लावा," बाई म्हणाल्या. "बोटाला कुणी बंदी केलीय?"

जन्मभर लोकांच्या शंका सोडवणाऱ्या त्या माणसाने दिवसभर पोथ्या चाळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सैंधव आणि मोहरीच्या तेलात बोट बुडवलं.

साखर उतरू लागली. पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी अंगठा दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला आणि कापायचं नाही म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी पट्टी बदलताना बाईंना एकदम हुंदका आला.

"सहा महिने मी तुम्हाला चोर समजले हो. तुम्ही खरं बोलत होता, आणि मी..."

शास्त्रीबुवा पोकळ तोंडाने हसले. "अगं, चोर समजलीस म्हणून मागे लागलीस. साधू समजून बसली असतीस, तर हा अंगठा आज गंगेत असता."