सतरा नंबरची चतुःसीमा

इंग्लंडातलं घर आमच्या अनमने पाहिलं, तिच्या नवऱ्याने पसंत केलं, आणि सॉलिसिटर निवडायचं काम मात्र दोह्यात बसलेल्या तिच्या अब्बांनी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. पण कागदावर मुलीबरोबर आपलंही नाव लागणार म्हटल्यावर यांना राहवेना. अल रय्यानच्या एका कंपनीत तीस वर्षं कागदपत्रं सांभाळलेला माणूस. शिक्का दिसला नाही तर आमच्या निकाहनाम्यावरही विश्वास ठेवायचे नाहीत.

अनम लँकेशायरमधल्या एका लहान गावात, हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. जैद, आमचा जावई, तिथेच शाळेत शिकवतो. एप्रिलमध्ये तिचं बाळंतपण. घर सतरा नंबरचं, लाल विटांचं, ओळीतलं, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी जोडलेल्या. मागे छोटं अंगण. त्या अंगणात एक खोली काढायची आणि ती आम्हा दोघांची, असं अनमने व्हिडिओवर फिरून फिरून दाखवलं होतं. "अम्मी, युवर रूम. खिडकी इथे, मॉर्निंगचं ऊन येईल." यांची नोकरी पुढच्या वर्षी संपते. नोकरी संपली की कतार खलास. गावी जाऊ, पण व्हिसा मिळेल तसे काही महिने नातवंडाजवळ काढू, असा बेत. त्या न बांधलेल्या खोलीच्या पडद्यांसाठी मी अल मुंतझातल्या दुकानातून निळं कापड आणून कपाटात ठेवलं होतं. कुणाला बोलले नव्हते. हसले असते.

तिकडे घर घेताना विकणाऱ्याचा सॉलिसिटर वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा. घेणाऱ्याचा जो असतो तो जुने कागद वाचतो, काऊन्सिलकडे चौकशी करतो, कुठे काही अडकलेलं असेल तर ते उकरून काढतो. हे समजल्यावर यांनी शुक्रवारी नमाजनंतर, कोकणची मंडळी करक चहा प्यायला जमतात तिथे, विषय काढला. तिथेच चुकलं. आमच्या माणसांना विचारायची खोटी, प्रत्येकाच्या खिशातून एक सॉलिसिटर निघाला. रहमानभाईंचा मेहुणा लेस्टरात, आणखी कुणाचा साडू बर्मिंगहॅमात. घर कुठे आहे हे एकानेही विचारलं नाही. माणूस आपला आहे ना, मग झालं.

आणि या सगळ्यांच्या वर आमच्या घरचाच अश्फाक. माझ्या नणंदेचा, रिफतआपांचा मुलगा. लंडनमध्ये सॉलिसिटर आहे. पोरगा गुणी, त्यात वाद नाही. त्याचं जास्त काम व्हिसाचं, पण घरांचंही करतो. रिफतआपांनी मुंब्र्याहून फोन करून निकाल देऊन टाकला. "घरचा पोरगा असताना परक्याकडं कशाला जावाचा रे मजीद? लोक काय बोलतील?" फोन संपेपर्यंत हे उभेच होते. थोरल्या बहिणीशी बसून बोलायची यांना सवय नाही.

मला वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी हे कोरा कागद आणि पट्टी घेऊन बसले. गावाकडे जमीन घेतली की खरेदीखतात चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमक्याची बाग, पश्चिमेस तमक्याचं शेत, दक्षिणेस वहाळ, उत्तरेस रस्ता. यांना विटांच्या त्या घराची चतुःसीमा हवी होती. घर अजून विकणाऱ्याचं, पण तो भला माणूस होता. त्याने अनमला अंगणात उभं राहू दिलं. सातव्या महिन्याचं पोट घेऊन, हातात फोनचं होकायंत्र धरून ती एकेका दिशेला वळत होती.

"अब्बा, इट्स फ्रीझिंग. हे कशाला हवंय?"

"पूर्वेला कोण?"

"नाइनटीन नंबर."

"नंबर नको. माणूस कोण?"

"आय डोन्ट नो, अब्बा. एक म्हातारी लेडी आहे."

यांनी तक्ता तयार केला आणि खाली एक प्रश्न लिहून त्याला दोनदा अधोरेखित केलं: या जागेतून कोण ये-जा करतं? मग ते इंग्रजीत करून पाच सॉलिसिटरांना पाठवून दिलं. विषयाच्या ओळीत 'चतुःसीमा' हा शब्द इंग्रजी अक्षरांत तसाच ठेवला. तिघांकडून यंत्राने लिहिलेली उत्तरं आली. एकाची सुरुवात 'डियर मिस्टर चतुःसीमा' अशी होती. मी आठवडाभर त्यांना त्याच नावाने हाक मारली.

चौथा अश्फाक. त्याने फोन केला. "मामू, इथे चतुःसीमा नसते. सरकारी नकाशा असतो. सगळं ऑनलाइन होतं."

"तू ते गाव पाहिलंस?"

"पाहावं लागत नाही, मामू."

"बरं," हे म्हणाले. हे नुसतं 'बरं' म्हणाले की समजावं, काही बरं नाही.

पाचवी हेलन व्हिटल नावाची बाई. त्याच गावात, बेकरीशेजारी दोन खोल्यांचं ऑफिस. अनमच्या वॉर्डातल्या एका नर्सने नाव सुचवलं होतं. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं, चार ओळींचं. तुमचा तक्ता मिळाला. असं पूर्वी कुणी पाठवलं नव्हतं. जुने कागद काढून वाचते, मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे जाते तेव्हा घरावरूनही जाऊन येते. गुरुवारी बोलू या.

गुरुवारी संध्याकाळी सहाला फोन ठरला. हे ऑफिसातून लवकर आले, अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोनसमोर बसले. मला बघायला आले होते तेव्हा एवढे नटले नव्हते. तिकडून अनमही जोडली गेली.

हेलनबाई साठीच्या पुढची. सावकाश, स्वच्छ इंग्रजी बोलत होती. तिने यांचा तक्ताच समोर ठेवला आणि एकेक दिशा घेतली. उत्तरेला रस्ता. पश्चिमेला पंधरा नंबर, बसड्रायव्हर आणि त्याची बायको. पूर्वेला एकोणीस नंबर, डॉरीन नावाची बाई, वय ब्याऐंशी, एकटी. दक्षिणेला मागची गल्ली.

"आता तुमचा प्रश्न," ती म्हणाली. "एकोणीस नंबरच्या मागे पूर्वी गॅरेजं बांधली, तेव्हा त्यांचं मागचं दार बंद झालं. डॉरीन दर गुरुवारी कचऱ्याचा डबा तुमच्या अंगणातून ओढत गल्लीत नेते. जुन्या खरेदीखतात तिचा तो हक्क लिहिलेला आहे. अंगणात खोली बांधलीत तर वाट बंद होईल."

अनमने तोंडावर हात ठेवला.

"मार्ग आहे," हेलनबाई म्हणाली. "तिने हक्क सोडायला लेखी संमती दिली तर खोली होईल. तिला तिचा वेगळा सॉलिसिटर घ्यावा लागेल. मी पत्र पाठवू शकते, आणि ती बहुधा नाही म्हणणार नाही. कुणालाच म्हणत नाही. पण मग तिला तो डबा बैठकीच्या खोलीतून, गालिच्यावरून, पुढच्या दाराने काढावा लागेल. काय करायचं ते तुम्ही सांगा."

मी यांच्याकडे पाहिलं. खरं सांगते, माझ्या मनात एकच होतं. पत्र पाठवा म्हणा. एक डबा तो काय.

अनम रडवेल्या आवाजात म्हणाली, "अब्बा, लीव्ह इट. दुसरं घर बघू."

"घर हेच घ्यायचं," हे म्हणाले. मग हेलनबाईला इंग्रजीत, ऑफिसात बोलतात तसं शब्द मोजून म्हणाले, "मॅडम, तिला पत्र पाठवू नका. वाट राहू द्या, आणि आमच्या कागदात ती नीट लिहा. आमचं काम तुम्हीच करायचं."

माझी खोली यांनी मला न विचारता देऊन टाकली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि चहा केला, बिनसाखरेचा. यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पिऊन टाकला. मग म्हणाले, "हजरा, मैमुनाचाची आठवते?"

मी तिला पाहिलेलं नाही. माझं लग्न व्हायच्या वर्षभर आधी ती वारली. पण गोष्ट मला माहीत होती. माझ्या सासऱ्यांनी चुलतभावाकडून जागा घेतली. खरेदीखत आपल्याच माणसाने लिहिलं, चतुःसीमा चोख. पण मागच्या घरातली विधवा, मैमुना, त्या जागेतून रस्त्यावर येते हे त्याने लिहिलं नाही. आपल्याच माणसाला कोण विचारणार? सासऱ्यांनी मध्ये चिऱ्यांचा गडगा घातला, तिची वाट त्या भिंतीआड गेली. ती कोर्टात गेली. एकोणीस वर्षं केस चालली आणि आम्ही जिंकलो. आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगतात, आम्ही जिंकलो म्हणून.

"तिचा जनाजा वहाळाच्या पाण्यातून फिरवून न्यावा लागला," हे म्हणाले. "खांदा द्यायला मी होतो. चिखलात पाय रुतत होते. गडग्याच्या पलीकडे अब्बा उभे होते. बघत होते."

पंचवीस-तीस वर्षांत हे यांनी मला सांगितलं नव्हतं. मी आजवर समजत होते की आपल्या जागेत कुणी शिरू नये म्हणून यांनी तक्त्यात तो प्रश्न लिहिला. मला फार वाईट वाटलं. चहाचंही वाटलं.

आता आपांना कोण सांगणार? हे चप्पल घालून, काही आणायचं नसताना, खाली दुकानात गेले. मीच फोन लावला आणि काम हेलनबाईला दिल्याचं सांगितलं. आपांनी सुरुवात केली, मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपा, तुम्ही खेडची जागा घेतलीत तेव्हा दाखवायला कुणाला नेलंत? अश्फाक तर वकील झाला होता."

"अगो, अश्फाकला खेडचं काय ठावं? तिथलाच माणूस नेला. कुठली वाट कुणाची ते तिथल्याच माणसाला..." आपा थांबल्या. मग म्हणाल्या, "बाई शहाणी आहे ना पण?"

"तुमच्याएवढी नाही," मी म्हटलं. त्या हसल्या. मग म्हणाल्या, अश्फाकला मीच सांगते. त्याचाही निरोप आला: मामू, बरं केलंत. नकाशात मला वाट सापडली असती, पण डॉरीन सापडली नसती.

मार्चच्या शेवटी किल्ल्या मिळाल्या. आम्ही गेलो की दिवाणखान्यात झोपायचं, असं ठरलं. त्या खिडकीचं माप मी अनमकडून मागवलं आणि निळं कापड शिवायला टाकलं. पुरलं. चार बोटं उरलंसुद्धा.

पहिल्या गुरुवारी अनमने फोन लावून अंगणातल्या कठड्यावर ठेवला. एकोणीस नंबरचं लाकडी फाटक उघडलं. डॉरीन काठी टेकत बाहेर आली, मागे चाकांचा डबा. अनम पोट सावरत पुढे झाली. जैदने तिला मागे सारलं आणि डबा स्वतः ओढत गल्लीत नेला. डॉरीनने फोनमध्ये आम्हाला पाहिलं आणि काठी वर करून हलवली. यांनीही अल मुंतझातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरून उभं राहून हात हलवला.

फोन बंद झाल्यावर हे तसेच उभे राहिले. मग गावी धाकट्या भावाला फोन लावला.

"मागचा गडगा आहे ना, मैमुनाचाचीच्या घराकडचा. तिथले चिरे काढ. चार हात मोकळं कर."

"आता कशाला, भाई?" भावाचा आवाज मला ऐकू येत होता. "तिकडं तिचा मुलगा तेवढा आहे, तोही म्हातारा झाला. वहाळाकडून फिरून जातो."

"अजून चालतो ना?"

"चालतो."

"मग काढ," हे म्हणाले. "उद्याच. मला फोटो पाठव."

मी आत जाऊन चहा ठेवला. साखर दोन चमचे घातली.