एका मिनिटाची विश्रांती

“राव सर, जाळीवर नको हं. गंध आत गेलं तर पंखा अडकेल,” मंदार म्हणाला.

“मला शिकवितोस कां रे?” सेतुमाधवराव हसले. त्यांनी चंदनाचं बोट पेटीच्या कडेला टेकवलं, वर कुंकू लावलं आणि शेवंतीचं एक फूल अलगद ठेवलं. पेटीशेजारी पाटावर त्यांचा लॅपटॉप होता, मंदारचा होता, आणि दोन्हींच्या मध्ये एक जुनी, काळी पडलेली पक्कड होती. ती त्यांच्या वडिलांची. वडील तंजावरला टेलिफोन खात्यात लाईनमन होते आणि नवमीला पक्कड एकदा पूजेत ठेवली की दशमीच्या सकाळपर्यंत तिला हात लावत नसत. एकदा भर पूजेत कलेक्टरांचा फोन बंद पडला तरी लावला नव्हता. ही गोष्ट सेतुमाधवरावांनी मंदारला आतापर्यंत तीनदा ऐकवली होती, आणि आज चौथ्यांदा ऐकवली.

दोन हजार आठ सालची आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीतला तो गिअर बनवणारा कारखाना सकाळपासून हळूहळू गप्प होत गेला होता. एकेक यंत्र थांबायचं, त्याला हार चढायचा. फाटकाशी फोडलेल्या कोहळ्याच्या कुंकू भरलेल्या फोडी डांबरावर पडल्या होत्या, आणि त्या बघून पुण्याहून मदतनीस म्हणून आलेला मंदार पहिल्यांदा दचकला होता. “अपघात झाला की काय वाटलं मला,” तो म्हणाला होता. सणाच्या दिवशी तसं बोलू नये म्हणून सेतुमाधवरावांनी त्याच्याकडे डोळे वटारले होते.

पेटी म्हणजे वायरलेसचा कंट्रोलर. कारखान्याच्या छतांना पांढऱ्या चकत्या टांगल्या होत्या आणि त्यांतून हवेतून फोन चालत. पण त्या चकत्यांना स्वतःची अक्कल नव्हती. कुणाचा फोन घ्यायचा, कुणाचा नाही, हे सगळं त्यांना ही एक पेटी सांगे. पेटी निवडली सेतुमाधवरावांनी, कारखान्याचे फोन त्यांच्याकडेच होते. तीन कंपन्यांची माणसं टाय लावून आली, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून गेली. सेतुमाधवरावांनी चित्रं बघितलीच नाहीत. प्रत्येकाचं बोलणं ऐन रंगात आलं की ते उठायचे, पेटीची वायर भिंतीतून उपटायचे, पुन्हा लावायचे आणि घड्याळ बघत बसायचे. पहिल्या दोन पेट्या अकरा-बारा मिनिटं चाचपडल्या. तिसरी चार मिनिटांत उठली आणि तिला सगळं जसंच्या तसं आठवत होतं.

“ही विसरत नाही. हीच पाहिजे,” त्यांनी सांगितलं होतं. “आणि दोन घ्या. एक पडली तर दुसरी सांभाळील.”

प्लँट मॅनेजर राममूर्तींनी दुसरी पेटी खोडली. “एका गाभाऱ्यात दोन मूळमूर्ती असतात का, राव?” या प्रश्नावर देवभोळ्या सेतुमाधवरावांनी एकाच पेटीच्या कागदावर सही केली. एक पेटी आली. ती मात्र त्यांनी लेकरासारखी सांभाळली.

आरती झाली. सुंडलचे उकडलेले हरभरे आणि चुरमुरे वाटून झाले. मंदारचं पुण्याचं विमान होतं, त्यानं पाठपिशवी खांद्यावर टाकली.

“येतो राव सर. दसऱ्याला घरी नाही गेलो तर आई जीव घेईल. सोमवारी हजर.”

“सरी, ठीक, जा. पोचल्यावर कळीव.”

मंदार गेला आणि तासाभरानं सेतुमाधवरावांनी दरवर्षीचं शेवटचं काम केलं. हत्याराला पूजेच्या दिवशी विसावा द्यायचा, हा त्यांचा नेम. जुनं टेलिफोन एक्सचेंज होतं तेव्हा ते त्यालाही मिनिटभर झोपवत. जी चोवीस तास राबते तिला एक मिनिट तरी नको का? त्यांनी हात जोडले, पेटीचं बटण दाबलं आणि मनातल्या मनात साठ आकडे मोजले. खोलीतली ती सततची घरघर थांबली तेव्हा त्यांना आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू आला, आणि तो का कोण जाणे त्यांना आवडला नाही. पुन्हा बटण दाबलं. चार मिनिटांत दिवे हिरवे झाले. खात्री म्हणून त्यांनी खिशातल्या वायरलेस फोनवरून फाटकाला फोन लावला.

“बोला सार,” फाटकावरच्या कामाक्षीचा आवाज आला.

“काही नाही, असंच,” ते म्हणाले. पेटी उठली होती. पावणेबारा वाजले होते.

कारखान्यात एकच जागा अशी होती जिला सण नव्हता. कारखान्याच्या पार मागच्या टोकाला गिअर तापवायच्या भट्ट्या होत्या. भट्टी एकदा विझली की पुन्हा तापायला दोन दिवस लागतात, म्हणून ती मंद आचेवर जागी ठेवायची आणि तिच्यापाशी एक माणूस बसवायचा. आज तो माणूस गुरुराज होता. गुरुराज म्हणजे सेतुमाधवरावांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा, रत्नप्रभाबाईंचा, धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून रत्नप्रभाबाईंनीच त्याला वाढवला होता. त्याला इथे चिकटवला सेतुमाधवरावांनी, आणि आज त्याची पाळी लागली तेव्हा बायकोची समजूतही त्यांनीच घातली होती. “नुसतं बसायचं आहे त्यास. दर अर्ध्या तासानं फाटकाला फोन करील. भिण्याजोगं काय आहे त्यांत?”

भट्टीपाशी खिशातला मोबाईल न्यायला बंदी होती, तो फाटकावर जमा करावा लागे. तारेचा जुना फोन आठ दिवसांपूर्वी काढून टाकला होता, कारण आता तिथेही चकत्या बसल्या होत्या. मंदारनंच त्या बसवून पेटीला त्यांची ओळख करून दिली होती. सेतुमाधवराव तेव्हा शेजारी बसून कॉफी पीत होते.

साडेबाराच्या सुमाराला ते कामाक्षीसाठी चुरमुऱ्यांचा पुडा घेऊन फाटकावर गेले.

“सार, गुरुराज अण्णांचा फोन नाही आला,” पुडा घेत कामाक्षी म्हणाली. “बाराचाही नाही, आत्ताचाही नाही. सकाळी अगदी घड्याळासारखे करत होते.”

सेतुमाधवरावांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी गुरुराजचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजलीच नाही, नुसता तुटक सूर आला.

“जेवायला बसला असेल,” ते म्हणाले. “फोन चार्जिंगला लावून विसरतो तो. पहिल्यापासून तसाच आहे.”

“मी जाऊन बघू का? सायकल आहे माझी.”

“नको. तुम्ही जागा सोडूं नका.”

हे वाक्य ते सहज बोलले. इतकं सहज की पेटीच्या खोलीकडे परत चालताना ते त्यांना आठवतही नव्हतं. आठवत होतं ते वेगळंच. आठ दिवसांपूर्वी मंदारची बोटं भराभर चालत होती आणि त्यांनी विचारलं होतं, “सेव्ह केलास कां?” मंदार म्हणाला होता, “शेवटी एकदाच करतो सर, सगळं नीट चाललंय ना ते बघून.” पेटीला जे सांगावं ते ती लगेच करू लागे, पण ते ‘सेव्ह’ म्हणेपर्यंत नुसतं तोंडपाठ असे. वीज गेली की पुसलं जाई. वायर उपटल्यावरही तिला सगळं आठवलं होतं, कारण आणणाऱ्यांनी ते आधी सेव्ह केलं होतं. हे सेतुमाधवरावांना ठाऊक होतं. त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी मंदारला फोन लावला. तो बंद लागला. विमानात बसला असणार.

खोलीत समई जळत होती. त्यांचा लॅपटॉप पाटावर होता, वर हळदकुंकू आणि फुलं. उघडला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं की भट्टीच्या चकत्या गुरुराजला ओळखतात की नाही. त्यांनी हात पुढे केला. शेजारी वडिलांची पक्कड होती. हात तसाच राहिला.

मग माणसाचं मन जे करतं तेच त्यांच्या मनानं केलं, वकिली. मंदारनं नंतर सेव्ह केलं असेलच, पोरगा हुशार आहे. फाटकाचा फोन लागला, म्हणजे पेटी ठीक आहे. ही विसरत नाही, आपण स्वतः पारखून घेतली आहे. कंपनीच्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली आहेत आणि ड्रायव्हर घरी गेला आहे, उन्हात भट्टीपर्यंत चालायचं म्हणजे पंधरा मिनिटं. आणि आता अर्ध्या तासाचा तर प्रश्न. एक वाजता त्याचा फोन आला की पूजाही राहील आणि शंकाही फिटेल. खरं म्हणजे त्यांना पूजा मोडायची भीती वाटत नव्हती. लॅपटॉप उघडला आणि पेटी विसरलेली निघाली तर, याची भीती वाटत होती. ते पेटीसमोर खुर्ची ओढून बसले आणि हिरवे दिवे बघत राहिले.

एक वाजला. त्यांनी फाटकाला फोन केला.

“नाही सार,” कामाक्षी म्हणाली.

ते उठले ते धावतच सुटले. छप्पन्न वर्षांचा माणूस, धोतराचा सोगा हातात धरून, रिकाम्या शेडमधून. दोन्ही बाजूंना हार घातलेली यंत्रं गप्प उभी होती. निम्म्या वाटेत त्यांच्या ध्यानात आलं की काहीतरी ऐकू यायला हवं होतं आणि येत नाही. भट्टीच्या छतावरचे धूर ओढणारे मोठे पंखे. सणालासुद्धा ते चालू असायचे. त्यांना कुणीतरी हार घालून, सेतुमाधवरावांचाच नेम उचलून, विसावा दिला होता आणि परत सुरू करायचं राहिलं होतं. भट्टीतल्या विषारी वायूला वास नसतो. 

गुरुराज दारापासून चार हातांवर पालथा पडला होता. दाराकडे येत होता. चेहरा लाल होता, सुखात झोपल्यासारखा. सेतुमाधवरावांनी त्याला काखेत धरून उघड्यावर ओढला, हाका मारल्या, गालांवर चापट्या मारल्या. “गुरू, अरे गुरू, ऊठ रे बाळा!” छतावरच्या चकतीचा दिवा शांतपणे लुकलुकत होता. गुरुराजच्या मुठीत फोन होता आणि तो इतका घट्ट धरलेला होता की बोटं सोडवायला लागली.

गुरुराज उठला नाही.

मंदारचा फोन रात्री आला तेव्हा तो रडत होता. “सर, सेव्ह करायचं राहिलं माझ्याकडून. मीच...”

“पेटी बंद मी केली,” सेतुमाधवराव म्हणाले. “तूं बोलूं नकोस कुणापाशी. मी लिहून दिलें आहे.” त्यांनी खरोखरच राममूर्तींना लिहून दिलं होतं. स्वतःच्या अक्षरात, बटण दाबल्याच्या वेळेपासून. मंदारचं नाव त्यात नव्हतं. कामाक्षी जायला निघाली होती आणि तिला आपण थांबवलं, हे होतं.

विजयादशमीला दुपारी गुरुराजला अग्नी देऊन ते वेलचेरीच्या घरी परतले, आंघोळ केली आणि बाहेरच्या खोलीत बसले. पोलिसांनी गुरुराजच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या होत्या. त्या रत्नप्रभाबाईंच्या मांडीवर होत्या. घड्याळ, जानव्याला बांधलेली किल्ली, आणि तो वायरलेस फोन. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, आकडे येत. त्यांनी कुठलंसं बटण दाबलं. गुरुराजनं लावलेले आणि न लागलेले नंबर एकाखाली एक आले. सगळे दोनच होते, फाटकाचा आणि त्याच्या भावोजींचा, म्हणजे सेतुमाधवरावांचा. पुढे वेळा होत्या. बारा पाच. बारा सोळा. बारा एकतीस. बारा चाळीस. शेवटचा बारा अठ्ठेचाळीस.

त्यांनी एकेका वेळेवरून बोट फिरवलं. मग मान वर न करता विचारलं, “तुम्ही केव्हां गेलांत तिकडं?”

“एक वाजून गेल्यावर.”

“ठाऊक केव्हां झालें, फोन येत नाही म्हणून?”

“साडेबाराला.”

“मग तितका वेळ कुठं होतांत?”

खोटं सांगायला जागा होती. सेतुमाधवरावांनी ती घेतली नाही. “पेटीपाशी बसलों होतों,” ते म्हणाले.

रत्नप्रभाबाईंनी फोन त्यांच्या हातात ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. नवऱ्याशी इतर बोलायच्या, जेवायला वाढायच्या, औषधाची आठवण करायच्या. गुरुराजचं नाव मात्र त्यांच्यासमोर घेत नसत.

पुढच्या वर्षी पेटीशेजारी दुसरी पेटी बसली. राममूर्तींनी न मागता मंजूर केली. भट्टीपाशी तारेचा फोन परत आला. नवमीला मंदारनं दोन्ही पेट्यांना कुंकू लावलं आणि आरतीसाठी राव सरांना शोधायला निघाला. ते पूजेला आलेच नव्हते.

ते फाटकावर होते. कामाक्षीच्या शेजारी लाकडी स्टूल टाकून सकाळी सहापासून बसले होते. वडिलांची पक्कड या वेळी पाटावर नव्हती, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. दर अर्ध्या तासानं भट्टीवरून फोन यायचा आणि तो कामाक्षी उचलत नव्हती.

“सार, भट्टीवरून बोलतोय. सगळं ठीक,” पलीकडचा नवा माणूस म्हणायचा.

“पंखे चालू आहेत?”

“आहेत सार.”

“मला ऐकव,” सेतुमाधवराव म्हणायचे, आणि पलीकडून पंख्यांची घरघर येईपर्यंत फोन कानाला धरून ठेवायचे.