एक काना जास्त

शरावतीने संगणकाचा पडदा सरांकडे वळवला आणि तांबड्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाचा, सर."

गंगाधरय्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा नाकावर उतरवला. "वाचलं. नाव बदलतंय. तेच तर हवंय आपल्याला."

"बदल नाही होणार, सर. बदली होणार."

"एकच झालं."

"एक कसं होईल? बदल म्हणजे त्याच घराला नवा रंग. बदली म्हणजे जुनं घर पाडून शेजारी नवं बांधायचं. भिंती त्याच, दारं तीच, आत माणूस एकही नाही."

बसवनगुडीत, गांधी बझारातल्या एका दर्शिनी खाणावळीच्या डोक्यावर 'आसरे' कंपनीचं ऑफिस होतं. खाली लोक उभ्याने खातात आणि वर आपण बसून दुसऱ्यांच्या खुर्च्या मोजतो, असं शरावतीचा सहकारी मुनिराजू म्हणायचा. खुर्च्या डायलिसिसच्या. तुमकूर, मंड्या, हासन, चित्रदुर्ग, अशा गावांच्या इस्पितळांत खुर्च्या मोजक्या आणि मूत्रपिंडं थकलेली माणसं उदंड. कुणी कोणत्या वारी, कोणत्या पाळीला, कोणत्या खुर्चीवर बसायचं, हे 'आसरे' ठरवून देई. तो सगळा पसारा क्लाउडवर, म्हणजे दूरच्या कुणाच्या तरी यंत्रांवर. ती यंत्रं कशी मांडायची, कुणाला कुठे हात लावू द्यायचा, हे एका साच्यात लिहिलेलं असे. साच्यात एक ओळ बदलली की यंत्र आधी सांगतं, 'मी अमुक अमुक करणार आहे, दाबू का बटण?' पुष्कळ लोक ते न वाचताच हो म्हणतात. शरावती वाचायची. तिचा पगार त्या वाचण्याचाच होता म्हणा ना.

नाव बदलायचं खूळ शेषगिरी शास्त्रींचं. हे आकड्यांचे शास्त्री. त्यांनी जयनगरच्या एका खाणावळीच्या पाटीत एक अक्षर वाढवलं, तर दुसऱ्या दिवसापासून इडल्या एवढ्या फुगू लागल्या की झाकण दाबून धरायला वेगळा माणूस ठेवावा लागला, असं सगळी बसवनगुडी सांगते. खरं-खोटं त्या इडल्यांना ठाऊक. गंगाधरय्यांचा मात्र शास्त्रींवर पूर्ण भरवसा. ते लिफ्टसुद्धा राहुकाळात वापरत नसत. एकदा दोन मजल्यांच्या मध्ये असतानाच राहुकाळ लागला, तर त्यांनी लिफ्ट थांबवून आत दीड तास नामस्मरण केलं, असं मुनिराजू शपथेवर सांगायचा.

शास्त्री म्हणाले होते, 'आसरे'च्या इंग्रजी नावात एक 'ए' वाढवा. उच्चारात काना होताच, तो आता लिहायचाही. आणि सगळीकडे लिहायचा. पाटीवर, कागदावर, आणि जिथे कुणाला दिसत नाही तिथे तर आधी.

"यंत्राला ओळख नावाचीच," शरावती म्हणाली. "नाव बदललं की त्याला वाटतं, जुना मेला. त्याचं दिवसकार्य उरकून ते नवा जन्माला घालतं. आपल्या सगळ्या खुर्च्यांची नोंद त्या एका नावाखाली आहे."

"काल रात्रीची प्रत आहे ना? ती ओता की नव्यात."

"ओतता येते. पण ओतून, तपासून, सगळ्या इस्पितळांना जोडेपर्यंत उद्याची संध्याकाळ होईल. उद्या सकाळी पहिल्या पाळीला लोक येतील तेव्हा कुणाची खुर्ची कोणती ते कुणालाच कळणार नाही. ज्याचा आवाज मोठा तो बसेल. ज्याचा लहान, तो घरी जाईल."

खिडकीतून खालच्या केसरीबाताचा वास येत होता. माणूस वाईट नव्हता, पण टेकीला आला होता. वर्षभरात तीन इस्पितळं सोडून गेली होती, चौथं जायच्या बेतात होतं, आणि बुडत्याला शेवटी एका अक्षराचाही आधार वाटतो.

"तुम्ही दरवेळी नाहीच म्हणता," ते हळूच म्हणाले. "आयुधपूजेला यंत्रांना हार घालायला नको म्हणालात. घातले. काय झालं?"

"पंख्यात झेंडू अडकला, सर."

"पण कंपनी चालली ना? आज गुरुपुष्य आहे. दीडला राहुकाळ लागतो, त्याच्या आत व्हायला हवं. मी मालक आहे. मीच दाबतो बटण."

"तुम्ही दाबलंत तरी ते नाही म्हणेल. नोंदीची बदली कुणीच करायची नाही, असं कुलूप आहे त्यावर."

"कुणीच म्हणजे?"

"तुम्ही, मी, मुनिराजू. कुणीच. कंपनी काढली तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, की उद्या मला वेड लागलं तरी पेशंटला धक्का लागता कामा नये. मी तेच लिहिलं."

गंगाधरय्यांना ते आठवलं असावं. त्यांनी टेबलावरची टाचणी उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"कुलूप उघडतं दोन चाव्यांनी. मुनिराजूने त्याची दिलीय. आता तुमची."

पलीकडच्या टेबलावर मुनिराजू अचानक फार कामात दिसू लागला.

"आणि नाही दिली तर?"

"तर उद्यापासून या खुर्चीवर मुनिराजू बसेल." हे म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "शास्त्री बाराला येतायत. तोवर विचार करा."

ते देवाच्या कोपऱ्यात उदबत्ती लावायला गेले. मुनिराजू खुर्ची सरकवत जवळ आला.

"अक्का, रागावू नकोस. घराचे हप्ते आहेत गं."

"रागावले नाही. तुला माझी खुर्ची आवडेल का, ते बघतेय. डावं चाक रुसतं तिचं."

"माझ्या मामाने याच शास्त्रींच्या नादाने नावात तीन 'ए' घातले. आता बँकेच्या फॉर्मवर चौकटी पुरत नाहीत. शेवटचं अक्षर बाहेर राहतं, आणि पैसे भलत्याच माणसाला जातात." तो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "खरंच रिकामं होईल ते?"

"तू वाचलं नाहीस?"

मुनिराजूने मान खाली घातली.

शास्त्री बाराच्या ठोक्याला आले. सडपातळ, उभट चेहऱ्याचे, कपाळावर गंध, हातात पंचांगाची पिशवी. उन्हाने रस्ता भाजत होता, तरी सदऱ्याच्या दोन्ही बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद. गंगाधरय्यांनी त्यांच्यासाठी शहाळं फोडून आणवलं होतं.

"शहाळं नको."

"मग केळं तरी घ्या, स्वामी. प्रसादाचं आहे."

"आज नको."

"कॉफी?"

"अर्धी. अर्ध्याच्याही अर्धी."

खालून कॉफीचा वाटी-लोटा आला. शास्त्रींनी ओठ ओले केले आणि लोटा खाली ठेवला. बसवनगुडीत कॉफी टाकून उठणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर आजारी. शास्त्री तिथेच जन्मलेले. शरावतीने घड्याळाकडे पाहिलं, भिंतीवरच्या नव्हे, शास्त्रींच्या. ते उजव्या मनगटावर होतं. पट्ट्याची खूण जुनी नव्हती. काही महिन्यांपूर्वीपर्यंत घड्याळ डावीकडे असावं.

पूजेचं ताट आणायला गंगाधरय्या आत गेले. शरावतीने लोटा उचलताना विचारलं,

"स्वामी, तुमचा वार कोणता?"

"जन्मवार? शनिवार. का गं, अम्मा?"

"जन्मवार नाही. खुर्चीचा."

शास्त्रींचा उजवा हात आपसूक डाव्या बाहीवर गेला. बटण लावलेलंच होतं, तरी त्यांनी ते चाचपलं. आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. ज्याचे स्वतःचे ग्रह असे फिरले, त्याच्याकडे कोण येणार नाव सुधारायला?

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. शहाळं नको, केळं नको, कॉफी ओठापुरती. घड्याळ उजवीकडे, डावा हात सुयांसाठी राखलेला. आमच्या घरीही एक खुर्ची होती."

'होती' हा शब्द शास्त्रींनी ऐकला.

"मंगळवार, शुक्रवार," ते म्हणाले. "तुमकूरला. इथे ओळखीचं कुणी भेटेल म्हणून तिकडे जातो. मुलीकडे जातो असं घरच्यांखेरीज सगळ्यांना सांगितलंय."

"तुमकूरच्या खुर्च्या इथून चालतात, स्वामी. सरांना ज्या नावात काना वाढवायचाय ना, त्याच नावाखाली." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला, तांबडी ओळ दाखवली आणि सकाळी सरांना सांगितलं तेच सांगितलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. घर, भिंती, दारं, आत माणूस एकही नाही.

"उद्या शुक्रवार आहे," शास्त्री म्हणाले.

"हो."

"परवा जमणार नाही का मला? शनिवारी?"

"ते तुम्हाला जास्त माहीत."

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. चपलांचे पट्टे सुजलेल्या पावलांत रुतले होते.

गंगाधरय्या ताट घेऊन आले. हळद, कुंकू, अक्षता, आणि मधोमध बटण दाबायला आणलेला नवा माऊस, त्यालाही कुंकू लावलेलं. "स्वामी, सव्वापर्यंत वेळ उत्तम आहे ना? फक्त हिची चावी तेवढी..."

"थांबा." शास्त्रींनी पंचांग काढलं, मांडीवर उघडलं आणि डोळे मिटले. पान कोणतं होतं ते त्यांनी पाहिलंही नाही. शास्त्र म्हणजे समुद्र आहे. त्यात बुडणाऱ्याला एखादी फळी सापडतेच.

"गंगाधरय्या, तुमचं पत्रिकेतलं नाव काय?"

"नावरस नाव? ते... ते सांगायचं नसतं ना?"

"ते कधी बदललंत का?"

"छे! ते कसं बदलेल? ते जन्मनक्षत्राचं."

"लग्न होऊन सून आली की तिचं नाव बदलतात. पत्रिकेतलं बदलतात का? हाक मारायचं नाव वेगळं, नावरस नाव वेगळं. पाटी बदला. कागद बदला. पडद्यावर लोकांना दिसतं ते बदला. जे कुलपात आहे ते नावरस आहे. त्याला हात लावला तर आयुष्याला धोका."

"कुणाच्या?"

शास्त्री क्षणभर अडखळले. "खुर्चीवर बसलेल्याच्या."

गंगाधरय्या मालकाच्या खुर्चीवरच बसले होते. ते पटकन उठून उभे राहिले.

"पण स्वामी, तुम्हीच म्हणाला होतात, दिसत नाही तिथे आधी..."

"म्हणालो होतो. आत कुलूप आहे हे तुम्ही कुठे सांगितलं होतंत? कुलूप कुणी उगाच घालतं का?"

शरावती आधीच साच्याकडे वळली होती. आतलं नाव तिने काना-मात्रेचाही फरक न करता तसंच ठेवलं आणि बाहेरच्या पाट्या तेवढ्या बदलल्या. मग यंत्राला विचारलं, काय करशील? यंत्राने यादी दिली. ती तिने वरपासून खालपर्यंत वाचली, मुनिराजूला बोलावलं, आणि त्यालाही वाचायला लावली.

"मोठ्याने," ती म्हणाली.

"बदल. बदल. बदल." मुनिराजू शेवटपर्यंत गेला. "बदली एकही नाही, अक्का."

कुंकवाचा माऊस गंगाधरय्यांनी दोन्ही हातांनी दाबला. कुलपाने हू का चू केलं नाही, कारण त्याला कुणी हातच लावला नव्हता. पडद्यावर नवं नाव आलं, कान्यासकट. गंगाधरय्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि त्यांनी सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. शरावतीच्या हातावर ठेवताना म्हणाले, "चावी राहू द्या तुमच्याकडेच." एवढंच. मुनिराजूने आपली चावी परत घेतली.

शास्त्रींना सोडायला ती लिफ्टपर्यंत आली. पाठीमागे कुणी नाही असं बघून त्यांनी विचारलं,

"तू मला यादीत शोधलं होतंस का, अम्मा? आधीच?"

"यादीत नावं नाहीत, स्वामी. आकडे आहेत."

शास्त्री थबकले. आयुष्यभर साऱ्या बेंगळुरूला आकडे वाटलेला माणूस.

"माझा कोणता?"

"ते बघायची परवानगी मला नाही."

"कुणी ठरवलं हे?"

"मीच लिहिलंय ते."

ते हसले. पहिल्यांदाच हसले. "बेरीज तरी बरी येत असेल का गं त्याची?"

शरावतीने जरा विचार केला. "तुमकूर, उद्या सकाळची पहिली पाळी, एकही खुर्ची रिकामी नाही. मला एवढंच दिसतं."

शास्त्रींनी मान डोलावली. डाव्या मनगटाचं बटण त्यांनी काढलं, उकडत होतं म्हणून असेल, आणि बाही थोडी वर सारली. आतून मुनिराजूचा आवाज आला, "स्वामी, दीड वाजून गेला! राहुकाळ!"

तुमकूरची बस दोनला होती. शास्त्रींनी लिफ्टचं बटण दाबलं आणि खाली गेले.