पालथा घातलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे, पाटाएवढा. या राखीव जंगलात पायवाटेच्या कडेला पालथा पडून आहे. सहलीला येणारे माझ्यावर टेकतात, बुटांची माती माझ्यावरच झटकतात आणि वर म्हणतात, "काय शुद्ध जागा आहे!" या माणसांच्या अकलेची मला कीव येते.

पूर्वी इथे एक गुप्त प्रयोगशाळा होती. मोठमोठे शास्त्रज्ञ अणूचे प्रयोग करत. काम आटोपल्यावर त्यांनी उरलेला विषारी कचरा इथेच पुरला, वर झाडे लावली आणि मला घडवून घेतले. माझ्या छातीवर ठसठशीत अक्षरे कोरली: 'खाली घातक कचरा आहे. खणू नका.' मला केवढा अभिमान वाटला! पण बसवायच्या वेळी मुख्य शास्त्रज्ञ म्हणाले, "पालथा घाला."

पाथरवट चक्रावला. "साहेब, मग वाचणार कोण?"

"कोणी वाचायचंच नाहीये. सगळं गुप्त आहे. सूचना कोरायचा नियम होता, तो पाळला."

पुस्तके कोळून प्यायलेली माणसे ही!

परवा एक कुटुंब आले. बाबांनी चुलीसाठी माझ्या शेजारीच फावडे चालवले. त्यांची छोटी मुलगी उकरलेल्या मातीत कोपरापर्यंत हात घालून घर बांधू लागली. माझा जीव टांगणीला लागला, पण माझे तोंड मातीत! तेवढ्यात पातेले ठेवायला सपाट दगड हवा म्हणून मुलीच्या आत्याने मला उताणे केले. अक्षरे वाचून तिचा चेहरा पांढरा पडला.

"दादा, फावडं टाक! पोरीला उचल आधी!"

बाटलीभर पाण्याने मुलीचे हात खसाखसा धूत सगळे पळाले. पातेले तिथेच राहिले. त्या आत्यापुरती मला माणसे आवडली.

संध्याकाळी जंगलाचे साहेब आले. रखवालदाराने विचारले, "इथं पाटी लावू या?"

"वेडा झालास? इकडं कुत्रंही फिरकणार नाही मग. खड्डा बुजव आणि दगड होता तसा ठेव."

मी पुन्हा पालथा. आज दुसरेच कोणी साहेब आले आणि माझ्याभोवती चुन्याची रेघ मारून गेले. लहान मुलांना खेळायला इथे मातीचा हौद करणार आहेत म्हणे. शाबास!

मित्रांनो, उद्या इथे कुदळी येतील. तुमच्यापैकी कोणी त्यांच्या आधी पोचलात, तर कृपा करून माझ्यावर बसू नका. मला उताणा करा.