पिवळ्या कागदावरची संमती

आमदार गेलन स्टकी गाल धरून खुर्चीत आडवा झाला, तेव्हा मार्लिसला आतून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोला. दाढ अशी ठणकत होती की त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते बघून तिला बरं वाटत होतं.

मार्लिस उनरू डॉक्टर लिंडक्विस्टांच्या दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं मदतनीस. कॅन्ससमधल्या त्या गावात स्टकीला कोण ओळखत नाही? गर्भपाताआधी बाईने सरकारी फॉर्म घ्यायचा, चोवीस तास थांबायचं, फॉर्म पांढऱ्याच कागदावर हवा, अक्षरंसुद्धा ठरलेल्या मापाची. असल्या कायद्यासाठी त्यानेच सगळ्यात जास्त घसा ताणला होता.

मार्चमध्ये मार्लिसने तो फॉर्म स्वतःसाठी याच दवाखान्यात छापला. प्रिंटरमध्ये चर्चच्या जेवणाच्या जाहिरातीचा पिवळा कागद उरला होता. तिचं लक्षच गेलं नाही. शनिवारी दोन तास गाडी हाणून विचिटा शहरातल्या गर्भपाताच्या दवाखान्यात पोचली, तर पिवळा कागद बघून काउंटरवरची बाई रडवेली झाली. "अगं, हा चालत नाही. नवा घे, सोमवारी ये." गोळ्या ठरावीक आठवड्यांपर्यंतच देतात, सोमवारपर्यंत ती मुदत संपली. जे गोळ्यांवर भागलं असतं, त्यासाठी ऑपरेशनच्या टेबलावर झोपावं लागलं.

"पोरी, डॉक्टरला बोलव ना," स्टकी कण्हला.

"बोलावते. आधी संमती."

"दे, करतो सही."

"अशी नाही, साहेब. वाचून दाखवते." तिने स्टूल ओढलं. "जबडा मोडू शकतो. इथे सही. ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. इथे."

"अगं बाई, दाढ आहे, बाळंतपण नाही."

"हो ना. बाळंतपणातलं तुम्हाला जास्त कळतं."

तो हसायला गेला आणि कळवळला. नऊ सह्या झाल्या.

"झालं. आता घरी जाऊन नीट विचार करा. उद्या साडेआठला या."

"उद्या? असा कुठला कायदा आहे?"

"कायदा नाही. पद्धत आहे."

शिव्या पुटपुटत तो गेला. शेजारच्या खोलीतून डॉक्टर हात पुसत आले. "गेलन कुठाय? मी मोकळाच होतो."

"मी पाठवला घरी."

"का?"

तिने सह्यांचे कागद फाईलला लावले. डॉक्टरांनी फोन लावला, दोनदा माफी मागितली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "पंधरा मिनिटांत येतोय. तूही माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मार्लिसने कोट चढवला. मागच्या दाराने निघून जाता आलं असतं. मार्चमधलं तिने गावात कुणालाच सांगितलं नव्हतं, सख्ख्या आईलाही नाही. सांगितलं की संध्याकाळपर्यंत चर्चभर होणार. पण हा माणूस कळवळला आणि कशामुळे ते त्याला कळलंच नाही, याने तिचा जीव आणखी जळत होता.

ती दारासमोरच्या बाकावर बसली. बाहेर गाडी थांबली. स्टकी आत आला, तिला बघून थबकला.

"या," ती म्हणाली. "डॉक्टर आत आहेत. पण आधी इथे बसा. मार्चमध्ये माझं काय झालं ते ऐका, मग आत जा."