सात फळ्या बाभळीच्या

या, असे जवळ सरकून बसा. बुवांचा मृदंगी अजून वाटेत आहे, कीर्तन उभं राहायला वेळ लागेल. तोवर एक गोष्ट सांगतो. देवाची नाही, पण देवाच्या खेळाची आहे, तेव्हा देवळात बसून सांगायला हरकत नसावी.

मी दत्तोबा. जन्म गेला बुवांच्या मागं टाळ धरून उभं राहण्यात, आणि पोट भरलं पिंपरीच्या एका कारखान्यात, बॉयलरवर. साल छप्पन्न. कारखाना इतका नवा की चिमणीचा रंगसुद्धा नीट वाळला नव्हता. बॉयलर बसवायला परदेशातून एक साहेब आला होता, फ्लिन नावाचा. उंच, लालबुंद, नाकावर ठिपकेच ठिपके. आम्ही त्याला इंग्रज समजायचो. एकदा माझ्याबरोबर बॉयलरवर असणारा ज्योतीराम तसं बोलून गेला, तर साहेबानं हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "इंग्रज नहीं. आयर्लंड. हमारे पर भी इंग्रज का राज. हमने भी भगाया." त्या दिवसापासून तो आमच्यातला झाला.

शिफ्ट सुटली की साहेब बॉयलरमागच्या भिंतीपाशी जायचा. हातात एक काठी, खालच्या टोकाला वळून पसरट झालेली, जणू आचाऱ्याच्या मोठ्या कढईतलं उलथनं. त्या टोकानं जमिनीवरचा चेंडू अलगद उचलायचा आणि हवेतल्या हवेत असा टोला द्यायचा की भिंतीचा गिलावा झडायचा. चेंडू परत यायचा, पुन्हा टोला. आधी संथ, मग दुप्पट लयीत. बघता बघता माझी बोटं टाळ धरल्यागत हलायला लागली.

"ज्योतीराम," मी म्हटलं, "अरे, ही तर चेंडूफळी!"

काल्याच्या कीर्तनात लहानपणापासून ऐकत होतो. गोपाळ यमुनेच्या काठी चेंडूफळी खेळतात, चेंडू डोहात जातो, मागोमाग देव उडी घालतो. ऐकताना दर वेळी डोळे भरून यायचे, पण फळी असते कशी, ते कधी पाहिलं नव्हतं. ती दिसली कुठं, तर आयर्लंडच्या माणसाच्या हातात! त्यांच्याकडे या खेळाला हर्लिंग म्हणतात. फळीसारखीच काठी, कातड्याचा कडक चेंडू, मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन उंच खांब. खांबांमध्ये आडवा दांडा. चेंडू दांड्याखालून गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक.

आणि एका संध्याकाळी ती फळी मोडली. साहेब दोन तुकडे मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिला. त्याच्या काकानं हातानं करून दिलेली होती. दुःख तेवढंच नव्हतं. सतरा मार्चला त्यांच्या देशातल्या एका संताची पुण्यतिथी. पुण्याकडच्या एका मिशनच्या शाळेतले सात पाद्री, सगळे त्याच मुलखातले, त्या दिवशी सामना खेळायला येणार होते. समोर सात गडी उभे करीन, असा साहेबानं शब्द दिला होता. संताच्या पुण्यतिथीला खेळ, हे आम्हाला लगेच पटलं. काल्यालाही गोपाळांचे खेळ असतातच की.

गडी मिळायला वेळ लागला नाही. सगळे विटीदांडूवर वाढलेले; उडालेल्या विटीला हवेत टोला मारायची सवय हातात मुरलेली. साहेब बघतच राहिला. खोड एकच होती. पहिल्याच सरावात ज्योतीरामनं साहेबाचा टोला वरच्या वर झेलला आणि चेंडू डोक्यावर नाचवत ओरडला, "आउट! साहेब, डाव आमचा!" तो नाचतोय तोवर साहेबानं त्याच्या हातातला चेंडू खाली पाडला आणि खांबांमध्ये मारला. झेलला तरी पळत राहायचं, हे ज्योतीरामच्या गळी उतरवायला आठवडा गेला.

फळ्या केल्या सुतारखात्याच्या बबनराव फोरमननं. साहेबानं ड्रॉइंग काढून दिलं, बबनरावनं उत्तम सागाच्या तक्त्यातून यंत्रावर हुबेहूब कापल्या. गुळगुळीत, देखण्या. पहिल्या दिवशी तीन मोडल्या, दुसऱ्या दिवशी चार. सगळ्या एकाच जागी, वळणावर.

मग मी सावळारामला घेऊन आलो.

सावळाराम रावेतचा गावसुतार. नांगर, कुळव, गाडीची चाकं, पंचक्रोशीत त्याच्या हाताला तोड नव्हती. पण रानं कारखान्यांच्या ताब्यात जाऊ लागली आणि नांगर कुणाला लागेनात. दोनदा तो सुतारखात्यात काम मागायला आला होता. बबनरावनं दोन्ही वेळा समोर ड्रॉइंग धरलं, "यातलं माप वाच." त्याला वाचता येईना. "मग घरी जा." दुसऱ्या वेळी तर गेटवरच्या लोकांसमोर म्हणाला. तेव्हापासून सावळारामनं कारखान्याकडे पाय वळवला नव्हता. मी त्याला अक्षरशः ओढत आणला.

साहेबाची मोडकी फळी त्यानं हातात घेतली. मापाकडे बघितलंसुद्धा नाही. मोडीवरून अंगठा फिरवला, वळणावरून पुन्हा फिरवला.

"हे तक्त्यातलं लाकूड न्हाई," तो म्हणाला. "बुंध्यातलं हाय. मूळ जिथं मातीत वळतं ना, तिथलं. रेघ बघा, वळणासंगं वळलीया. तुमी सरळ रेघंचं लाकूड वाकडं कापलंत, ते मोडणारच. आमी नांगराचा वाक असाच धरतो, बाभळीच्या बुंध्यातनं. फळ्याबी तशाच करीन."

मी साहेबाला हिंदीत सांगितलं. साहेब उठून उभाच राहिला. "मेरा अंकल," तो म्हणाला, "यही बोलता है. यही!"

बबनरावचं तोंड उतरलं. "मी सागाच्या केल्या त्या टिकल्या नाहीत, आणि तू गावठी बाभळीच्या करणार?"

"व्हय."

"सामन्यात एक जरी मोडली तरी पुन्हा या गेटवर यायचं नाही."

"आन न्हाई मोडली तर?"

मी साहेबाला हे हिंदीत सांगितलं. साहेब म्हणाला, "तो नौकरी पक्की. बोलो, बबनराव." साहेबासमोर बबनराव नाही कसं म्हणणार?

कारखान्याची जागा सपाट करताना बाभळी तोडल्या होत्या. खोडं नेली, बुंधे मात्र कुंपणापलीकडे टाकून दिलेले. वर्षभर पाऊस-ऊन खाऊन मुरलेले. सावळाराम प्रत्येक बुंध्याला तासायच्या वाकसाच्या पाठीनं ठोकायचा, कान लावायचा. विसातले सहा निवडले. करवत लावली नाही. पाचरी ठोकून रेघेरेघेनं फोडले, त्यांतून सात फळ्या निघाल्या. पहिली फळी साहेबानं उचलली आणि म्हणाला, "भारी है." सावळारामनं ती तासली, हवेत फिरवली, आवाज ऐकला, पुन्हा तासली. टोकाला जुन्या पिंपाच्या पत्र्याची पट्टी ठोकली. घरी त्याची बायको ठकुबाई करवादली, "वसरी ढलप्यांनी भरली! निदान मोडल्या तर चुलीला तरी येतील." पण पट्ट्यांचे खिळे तीच धरून बसायची.

सतरा मार्चला निम्मं रावेत आणि अख्खी पहिली शिफ्ट मैदानाभोवती. पाद्री पांढरे झगे काढून अर्ध्या चड्डीत उतरले. मला गोल अडवायला खांबांमध्ये उभं केलं, कारण मला पळता येत नाही.

सुरुवातीलाच आमचा घात झाला. पाद्री चेंडू घेऊन धावत आले की आमचे गडी बाजूला सरकायचे. साधुपुरुषाला आडवं कसं जायचं? एकानं तर हात जोडले! तोवर चेंडू माझ्या कानाजवळून खांबांत. साहेब आयर्लंडच्या भाषेत शिव्या देत असावा. शेवटी त्यांच्यातला सगळ्यांत धिप्पाड, पिंगट दाढीवाला पाद्री ज्योतीरामसमोर थांबला आणि चक्क मराठीत म्हणाला, "बाबा रे, मैदानात मी बुवा नाही. अंगावर ये!"

"खरंच येऊ?"

"ये!"

ज्योतीराम गेला. पाद्रीबुवा मातीत आडवे, आणि तिथूनच टाळ्या वाजवतायत! तिथून सामना फिरला. आमच्या पोरांनी चेंडू उचलून हवेत टोले लगावायला सुरुवात केली, जणू विट्याच. फळ्यांवर फळ्या आदळत होत्या. मी दोन चेंडू छातीवर घेतले. आठ दिवस अभंगाचा सूर वर जात नव्हता.

सावळाराम मैदानाच्या कडेला उकिडवा बसला होता. त्यानं चेंडूकडे एकदाही पाहिलं नाही. त्याची नजर फक्त लाकडावर. प्रत्येक आदळीला त्याचे खांदे आखडायचे. बबनराव त्याच्या शेजारीच उभा, हाताची घडी घालून.

शेवटची दोन मिनिटं. आम्ही एका गुणानं मागं. चेंडू मैदानाच्या मध्यावर, एकीकडून ज्योतीराम, दुसरीकडून तो दाढीवाला. दोघांनी एकाच वेळी फळी घातली.

कडाड!

असा आवाज मैदानभर घुमला. लाकडाचा तुकडा गरगरत उडाला आणि सावळारामच्या पुढ्यात पडला. त्यानं डोळे मिटून घेतले. ठकुबाई ओरडली, "अवो, डोळं उघडा! आपलं न्हाई ते! आपलं न्हाई!"

त्यानं उघडले. तुकडा पांढरट लाकडाचा होता, परदेशातला. ज्योतीरामच्या हातात तांबूस बाभळ जशीच्या तशी. चेंडू त्याच्या पायाशी. त्यानं टोकानं उचलला, हवेत सोडला आणि विटीला द्यावा तसा टोला दिला. चेंडू दांड्याखालून आरपार. तीन गुण! शिट्टी वाजली. रावेतच्या माणसांनी ज्योतीरामला उचललं, साहेबानं मला उचललं, आणि मी कुणाला उचलू ते कळेना म्हणून मोठ्यांदा देवाचं नाव घेतलं.

त्या गलबल्यात बबनरावनं सातही फळ्या गोळा केल्या. एकेक उन्हात धरून पाहिली, वळणावरून अंगठा फिरवला, तसाच, जसा सावळारामनं फिरवला होता. सातवी तर गुडघ्यावर धरून वाकवली. काही झालं नाही.

"उद्या सकाळच्या शिफ्टला ये," तो सावळारामला म्हणाला. "हत्यारं तुझीच आण."

"आन ड्रॉइंग?"

"ते मी वाचून दाखवीन." मग हातातली फळी पुढं करून, "आणि ते बुंधे कसे निवडलेस, ते मला दाखव राव."

दाढीवाला पाद्री मोडका तुकडा घेऊन आला आणि सावळारामला हात जोडून म्हणाला, "मला एक करून द्याल?" एक काय, पुढं सहा केल्या. त्यांतली एक साहेबानं जाताना काकासाठी नेली. रावेतची बाभळ समुद्रापार गेली.

सावळाराम त्या खात्यात हेडसुतार होऊन रिटायर झाला. आता तो नाही.

ते बघा, मृदंगी आलाच. आज काल्याचं कीर्तन आहे. बुवा यमुनेच्या काठावर आले की गोपाळांची नावं घेतील, चेंडूचं वर्णन करतील, डोहाचं करतील. फळी कुणी घडवली, ते मात्र सांगायचे नाहीत. पोथीत नसेल ते. पण गोकुळातही कुणीतरी बुंध्याला कान लावला असेलच ना? म्हणून तुम्ही टाळ्या वाजवाल, तेव्हा क्षणभर आमच्या रावेतच्या सावळाराम सुताराची आठवण ठेवा. एवढंच मागणं.